ॲशट्रे उचलले, आता गुरुजींना कोण सांगणार?

वाचकाचं पत्र :

ताई, नमस्कार. सातारा-कोरेगाव रस्त्यावर आमचं गार्डन रेस्टॉरंट आणि परमिट रूम आहे. वडिलांनी सुरू केलं, गेली २४ वर्षं मी बघतो. बागेत १४ टेबलं, आत ९. मागच्या महिन्यात पथक आलं. बागेत सिगारेट ओढणाऱ्या पाच जणांच्या पावत्या फाडल्या आणि वर माझ्याकडूनही पाच जणांच्या हिशेबाने दंड घेतला. माझं म्हणणं एवढंच, बागेत वर आभाळ आहे, तिथे कसली बंदी? सुनेने दुसऱ्याच दिवशी सगळे ॲशट्रे गोळा करून पोत्यात भरले. तेव्हापासून नेहमीची सहा-सात गिऱ्हाइकं पुढच्या ढाब्यावर बसायला लागली आहेत. एक कंत्राटदार साडेतीन लाखांत काचेची स्मोकिंग रूम करून देतो म्हणतोय. मुलगा म्हणतो करू, सून म्हणते एक पैसा घालू नका. पण सगळ्यात अवघड म्हणजे गुरुजी. वडिलांचे मित्र, वय ७८. रोज संध्याकाळी कोपऱ्यातलं टेबल, एक चहा, दोन सिगारेटी, तीस वर्षं झाली. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? खोटं कशाला बोलू, मीसुद्धा गल्ल्यावर बसून दिवसाला दहा-बारा ओढतो.
— एक हॉटेलवाला

दादा, नमस्कार.

आधी आभाळाचा निकाल लावू, कारण तुमचं सगळं म्हणणं त्याच्यावर टेकलेलं आहे. सिगारेट आणि तंबाखूचा २००३चा जो कायदा आहे, त्यात सार्वजनिक ठिकाण म्हणजे काय ते सांगताना खुली जागा वगळली आहे. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण २ ऑक्टोबर २००८पासून जे नियम लागू झाले, त्यांत रेस्टॉरंट म्हणजे काय हे वेगळं लिहिलंय आणि त्यात भोवतालची मोकळी जागाही धरली आहे. म्हणजे जिथे टेबल मांडून तुम्ही चहा देता, ती बाग कायद्याच्या लेखी रेस्टॉरंटच; वर पत्रा असो, मांडव असो नाहीतर चांदणं. पथकाने पावत्या बरोबर फाडल्या. ओढणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड, आणि जितके जण ओढताना सापडतील तितक्यांच्या हिशेबाने मालकाला किंवा मॅनेजरलाही दंड, हेही नियमातच आहे.

सूनबाईंचंही काही चुकलेलं नाही. ॲशट्रे, काडेपेटी, लायटर असं धूम्रपानाला मदत करणारं काहीही टेबलावर ठेवायचं नाही, असं नियम सांगतो. दाराशी ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक हवा आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव त्यावर हवं. तिथे तुमचं नाव घाला. सुनेचं नको, वेटरचं तर नकोच.

आता एक गोष्ट हिशेबनीस म्हणून सांगते. मी वीस वर्षं हॉटेलांच्या वह्या बघते, दंडाला कुठल्या खात्यात टाकायचं ते मला ठाऊक आहे. २००३ साली ठरलेला २०० रुपयांचा आकडा महाराष्ट्रात आजही तिथेच आहे. तुमच्या मेनूवरची पनीर चिली बहुधा त्याच्या पुढे गेली असेल. तुमचे गेले हजार रुपये. तेव्हा दंडाच्या भीतीने काही ठरवू नका. भीती स्वस्त आहे, महिन्याभरात उतरते, आणि पोतं सोडून ॲशट्रे परत टेबलावर येतात. हे मी तीन-चार ठिकाणी पाहिलंय.

काचेच्या खोलीचं. तीस किंवा त्याहून जास्त आसनं असलेल्या रेस्टॉरंटला वेगळी धूम्रपानाची जागा करता येते, हे कंत्राटदाराने खरं सांगितलं. पुढचं त्याने सांगितलं का? खोलीला चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात. दार आपोआप बंद होणारं हवं. आतली हवा थेट बाहेर फेकली गेली पाहिजे, परत आत फिरता कामा नये. खोली येण्याजाण्याच्या वाटेवर नको. आणि मुख्य म्हणजे त्या खोलीत फक्त ओढायचं, बाकी कुठलीही सेवा द्यायची नाही. चहा नाही, बिअर नाही, चकणा नाही. म्हणजे साडेतीन लाख घालून तुम्ही अशी खोली बांधणार, जिच्यात तुम्हाला एक शेंगदाणा विकता येणार नाही. उद्या कोणी ‘मग हुक्का ठेवा’ म्हणून सुचवलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. २०१८पासून महाराष्ट्रात हुक्का पार्लरवर बंदी आहे आणि त्यात तुरुंगवास आहे, २०० रुपयांत सुटका नाही.

स्पेनमध्ये हेच झालं. तिथे २००६ साली अर्धीमुर्धी बंदी आली. मोठ्या जागा असलेल्यांनी धूम्रपानासाठी वेगळा भाग करावा, असं ठरलं. अनेकांनी कर्ज काढून भिंती घातल्या, यंत्रं बसवली. २ जानेवारी २०११पासून संपूर्ण बंदी आली आणि त्या खोल्या अडगळ झाल्या. आपल्याकडेही २०२१च्या सुरुवातीला केंद्राने कायद्यातल्या बदलांचा जो मसुदा लोकांपुढे ठेवला होता, त्यात या वेगळ्या जागा बंद करायचं होतं. तो कायदा झाला नाही, पण वारा कुठल्या दिशेचा आहे ते कळतं. या खोलीच्या बाबतीत मी सुनेच्या बाजूने. मुलाला म्हणावं, तेच पैसे बागेतल्या मुलांच्या झोपाळ्यावर आणि बायकांच्या संडासावर घाल. याचा धुराशी संबंध काय, तेच आता सांगते.

गिऱ्हाईक गेलं की खुर्ची रिकामी दिसते. सहा-सात जण ढाब्यावर गेले, तुम्हाला त्यांची नावं माहीत, कोण कुठली घेतो, कोणाला शेवेत कांदा लागतो तेही माहीत. त्यामुळे ते जाणं डोळ्यांत खुपतं. पण गेल्या २४ वर्षांत किती गाड्या तुमच्या फाटकाशी हळू झाल्या, आतल्या बाईने बागेत नजर टाकली आणि ‘पुढे बघू’ म्हणाली, त्यांची खुर्ची तुम्हाला कधी रिकामी दिसली नाही. त्या कधी भरल्याच नव्हत्या. गल्ल्याला न आलेल्यांचं बिल कळत नाही. म्हणून मालकाला विचारलं की तो नेहमी म्हणतो, बंदीने धंदा बुडेल.

हे नुसतं माझं मत नाही. २००३ साली संशोधकांनी ठिकठिकाणच्या अशा बंद्यांचे शंभराच्या आसपास अभ्यास एकत्र करून तपासले. ज्यांत विक्रीकराच्या नोंदी, नोकऱ्यांचे आकडे असा कागदावरचा पुरावा होता आणि अभ्यास नीट केला होता, त्यांत धंदा एक तर जागच्या जागी राहिला होता किंवा थोडा वाढला होता. नुकसान दाखवणारे अभ्यास बरेचसे मालकांना काय वाटतं यावर उभे होते, आणि त्यांतल्या पुष्कळांमागे सिगारेट कंपन्यांचा पैसा होता.

तरी मी तुम्हाला गुलाबी चित्र दाखवणार नाही. सगळ्यांना सारखं सोसत नाही. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ला बंदी आली. त्यानंतर पुष्कळ पब बंद पडले आणि पबवाले आजही बंदीकडे बोट दाखवतात. मंदी, बिअरवरचा वाढता कर, सुपरमार्केटातली स्वस्त दारू, हे सगळं त्याच काळात आलं, त्यामुळे कोणाचं पाप किती ते वेगळं काढणं कठीण. पण जे पब नुसत्या पिण्यावर चालत होते त्यांना ताण जास्त बसला आणि ज्यांच्याकडे जेवण होतं ते सावरले, एवढं तिथले लोकही मानतात. तुमच्याकडे दोन्ही आहे. तेव्हा परमिट रूमच्या रात्री दहानंतरच्या चौघांच्या टेबलाला झळ बसेल, असं धरूनच चला. दोन-तीन महिने त्रासाचे जातील. बागेतल्या सात ते नऊच्या वेळेत ते भरून निघतं का, ते मात्र अंदाजाने ठरवू नका. बंदीच्या आधीच्या सहा शनिवारांच्या केओट्या, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या काढा, नंतरच्या सहा काढा, टेबलवार मांडा. आइस्क्रीम, सोलकढी, मुलांचे नूडल्स, हे वेगळं लिहा. आकडे मला पाठवलेत तर मी बघून देईन, फी नाही.

आपल्याकडे एक गंमत आहे, तीही सांगून टाकते. २०१६-१७च्या केंद्राच्या पाहणीत महाराष्ट्रात सिगारेट-विडी ओढणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के निघाले. तंबाखू-मावा खाणारे २४.४ टक्के. तुमच्या परमिट रूममध्ये हे प्रमाण असं नसणार, तिथे संध्याकाळची पुरुषमंडळी. पण रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीत बसलेल्या कुटुंबाला हाच आकडा लागू. (बेसिनमधल्या पिचकाऱ्यांचं दुसरं पत्र लिहा, त्यावर माझ्याकडे बोलण्यासारखं पुष्कळ आहे.)

आता ढाबा. तुमचा राग मी समजू शकते. नियम त्यालाही तोच आहे, पण पथक तुमच्याकडे आलं आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे गेलं. हा अन्याय खराच आहे. जर्मनीत २००८ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने जवळपास हेच म्हटलं होतं. मोठ्या पबला वेगळी खोली करायची मुभा, आणि एका खोलीचा गल्लीतला पब चालवणाऱ्याने मात्र गिऱ्हाईक घालवायचं, हे बरोबर नाही. बंदी करायची तर सगळ्यांना करा, नाहीतर लहानांनाही सूट द्या. बव्हेरिया या तिथल्या राज्यात पुढे २०१० साली लोकांनी मतदान करून पहिला रस्ता घेतला, सगळ्यांना बंदी. आयर्लंडने तर २९ मार्च २००४ला एकाच दिवशी देशभरातले सगळे पब बंदीखाली आणले. आधी केवढा आरडाओरडा झाला होता, पण पळून जायला पुढचा ढाबाच नव्हता, म्हणून ती टिकली.

तेव्हा ढाब्याची तक्रार करायला धावू नका, तो उद्या तुमची तिसरीच कुठली तक्रार करेल. तुमच्या रस्त्यावर हॉटेलं-ढाबे मिळून किती असतील, दहा-बारा? सगळ्यांना एकदा चहाला बोलवा. ‘अमुक तारखेपासून सगळ्यांनी ॲशट्रे उचलायचे’ एवढा एकच विषय ठेवा. सगळे येणार नाहीत. निम्मे आले तरी गिऱ्हाइकाची पळायची जागा निम्मी होते.

पुढची गोष्ट मी नेहमी टाळते, आज सांगते. माझे वडील मिरजेत स्टेशनजवळच्या एका लॉजच्या काउंटरवर बावीस वर्षं होते. खाली बार होता. त्यांनी जन्मात विडीला हात लावला नाही. पण त्यांचा शर्ट आई बाकीच्या धुण्यात भिजवायची नाही. त्याची वेगळी बादली होती, पत्र्याची, न्हाणीच्या बाहेर. आम्हा बहिणींना बाबांचा वास म्हणजे दुसऱ्यांच्या सिगारेटींचा वास, दुसरा माहीतच नव्हता. साठीच्या आत ते जिना चढताना दोनदा थांबायला लागले. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला किती ओढता? बाबा म्हणाले, एकही नाही. डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, पोरींसमोर लपवताहेत. आईने मग त्यांना बादलीचं सांगितलं.

तुमचे वेटर किती आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. आठ-दहा तरी असतील. गिऱ्हाईक दोन तास धुरात बसतं, पोरं दहा तास. डब्लिनमधल्या पबांत बंदीच्या आधी आणि नंतर हवा मोजली, तेव्हा हवेतले बारीक कण ८० टक्क्यांहून जास्त कमी झालेले निघाले आणि तिथल्या बारमध्ये काम करणाऱ्यांचा खोकला-धाप कमी झाली. दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्याला हृदयविकाराचा धोका पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढतो, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य डॉक्टरने, २००६ सालीच लिहून ठेवलं. बागेत धूर उडून जातो हे खरं, पण तुमच्या आतल्या ९ टेबलांवर आभाळ नाही, आणि गल्लाही आतच आहे ना?

म्हणजे गाडी तुमच्यावर आली. बंदी वेटरने राबवायची नसते. विशीतल्या, टिपेवर जगणाऱ्या पोराने पाटलांना ‘साहेब, सिगारेट विझवा’ म्हणायचं आणि त्याच वेळी मागे गल्ल्यावरून मालकाचा धूर निघतोय, याला काय अर्थ आहे? तुम्ही सिगारेट सोडा असं मी म्हणत नाही, निदान पहिल्या दिवशी नाही. फक्त गल्ल्यावर ओढू नका. पाकीट ड्रॉवरमधून काढा आणि फाटकाबाहेर जी टपरी असेल तिच्या मालकाकडे ठेवायला द्या. हवी तेव्हा उठून तिथे जा. गर्दीच्या वेळी दहा-बारा वेळा उठणं तुम्हाला जमणार नाही, आणि त्यातच सगळं आलं. संपूर्ण धूम्रपानबंदी असलेल्या कामाच्या जागांच्या अभ्यासात असं दिसलंय की ज्यांनी सिगारेट सोडली नाही, त्यांच्याही दिवसाच्या सरासरी तीनेक सिगारेटी कमी झाल्या. कोणी उपदेश केला म्हणून नाही, उठायचा कंटाळा आला म्हणून. तल्लफ काही मिनिटांची असते. तेवढ्यात शंभराच्या नोटा एकदा मोजून होतात. पुढे कधी सोडावीशी वाटली तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत नंबर आहे, तुमच्या पाकिटावरच छापलेला. फोन करा. दोन-तीनदा फसेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

उठणाऱ्या गिऱ्हाइकाचीही सोय बघा, नाहीतर तो चिडतो. तो सिगारेटला बाहेर जाईल, तेव्हा वेटरने त्याचा ग्लास बशीने झाकून ठेवायचा आणि ‘टेबल तुमचंच आहे’ म्हणायचं. एवढ्याने निम्मी कुरकुर थांबते. अख्खं टेबलच बाहेर गेलं आणि परत आलं नाही तर बिलाचं काय, ही तुमच्या कॅप्टनची, म्हणजे मुख्य वेटरची भीती असणारच. तिसऱ्या ऑर्डरनंतर चालू बिल टेबलावर आणून ठेवायचं, बोलायचं काही नाही. कळणाऱ्याला कळतं. आणि टपरीवाल्याशी गोड राहा. तुमच्या बंदीचा पहिला फायदा त्याला होणार आहे. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२०पासून मनाई आहे, तो विकतोच, तो त्याचा प्रश्न; तुम्ही त्याच्याकडून फक्त एक बाकडं मागून घ्या.

ते बाकडं गुरुजींसाठी.

गुरुजींना फलकाने सांगू नका, वेटरकडून सांगू नका आणि सुनेच्या तोंडून तर मुळीच नको. त्यांच्या लेखी ती कालची पोर, तिच्याकडून ऐकलं तर ते उठून जातील आणि परत येणार नाहीत. ‘गुरुजींचं चालू दे’ हाही मार्ग नाही. मागच्या टेबलावरचा माणूस बोट दाखवेल, आणि ज्याच्याकडे बोट दाखवलं जाईल ते तुमच्या वडिलांचे मित्र असतील. तुम्ही स्वतः दुपारी त्यांच्या घरी जा. हॉटेलात नको, तिथे ते गिऱ्हाईक आणि तुम्ही मालक होता. घरी तुम्ही मित्राचा मुलगा. दंडाची पावती बरोबर न्या, त्यांना वाचायला द्या. शिक्षक माणूस, कागद वाचल्याशिवाय बोलणार नाही. मग सांगा, ‘गुरुजी, माझीही सिगारेट आता फाटकाबाहेर गेली. संध्याकाळी तुमच्याबरोबर टपरीच्या बाकड्यावर बसत जाईन.’ विनंती त्यांच्याकडून काही काढून घ्यायची नसावी, त्यांच्या शेजारी बसायची असावी.

चिडतील कदाचित. आठवडाभर येणार नाहीत. कोपऱ्यातलं टेबल तेवढे दिवस कोणाला देऊ नका, गर्दी असली तरी. आणि ते आले की चहा त्याच टेबलावर, आत. चहा बाकड्यावर नेऊन दिलात तर पथकाच्या हिशेबाने ते बाकडंही तुमचं रेस्टॉरंट व्हायचं.

राहिलं पोतं. ॲशट्रे काचेचे आहेत का स्टीलचे, ते लिहिलं नाहीत. काचेचे असतील तर काटकसर म्हणून त्यांत लोणचं-चटणी द्यायचा मोह होईल, माझ्या एका ओळखीच्यांनी ते केलं होतं. तसं करू नका. पहिल्याच रात्री कोणीतरी चटणीत थोटूक विझवलं होतं.